जुनी स्की किंवा स्नोबोर्ड घेताना नेमकं काय बघायचं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. म्युनिकला आल्यापासून दर हिवाळ्यात स्कीसाठी जवळचं लेंगग्रीस नाहीतर श्पित्सिंगझे गाठतो आणि दर वेळी भाड्याच्या स्कीसाठी रांगेत उभे राहतो. शनिवार सकाळचा अर्धा उत्साह त्या रांगेतच संपतो. म्हणून या वर्षी स्वतःची जोडी घ्यायचं ठरवलंय. बूट नवेच घेतले, गेल्या महिन्यात, दुकानात पाय मोजून. आता स्कीवर पुन्हा तेवढेच पैसे ओतायची इच्छा नाही, त्यामुळे सेकंडहँड बघतेय.

एक जाहिरात मनात भरलीये. १५६ सेंमी, लेडीज ऑलमाउंटन (सगळ्या प्रकारच्या उतारांवर चालणारी), २०१३ ची, बाइंडिंगसकट (म्हणजे बूट स्कीला अडकवायचा खटका) १२० युरो. "फारशी वापरलेली नाही" असं लिहिलंय. (हे वाक्य मी बाबांच्या पहिल्या सेकंडहँड स्कूटरपासून ऐकतेय.) फोटोत बेसवर, म्हणजे स्कीच्या तळावर, पांढुरके पट्टे दिसतात, मधोमध एक लांब ओरखडा आहे आणि पुढच्या टोकाला वरच्या रंगाचा टवका उडालाय. नवऱ्याला स्नोबोर्ड हवाय, त्याच्याही दोन जाहिराती बाजूला काढून ठेवल्यात.

रविवारी बघायला जायचंय. हातात घेतल्यावर काय तपासू? कशाला घाबरायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं? माझं वजन ५४ किलो. निळ्या (सोप्या) उतारांवर आरामात जाते, लाल (मध्यम) उतारांवर देवाचं नाव घेत.

गोटीसोडा

ठाण्यात राहतो. बर्फ फक्त गोळ्यातला आणि सोड्यातला माहीत. तरीही वाचतोय. होऊन जाऊ द्या.

रात्रपाळी

डेन्व्हरजवळ एका दुकानाच्या वर्कशॉपमध्ये शनिवार-रविवार काम करतो. हौस म्हणून, आणि वॅक्स फुकट मिळतं म्हणून.

बहुतेक जण स्की उलटी करतात आणि ओरखडे मोजत बसतात. तुम्ही आधी वरची बाजू बघा. ओरखडा भरता येतो, पण बाइंडिंग जुनी निघाली तर सगळा व्यवहार तिथेच संपतो. पडल्यावर बूट वेळेवर सुटला पाहिजे आणि नको तेव्हा सुटता कामा नये, सगळा खेळ एवढाच आहे. गुडघा तुमचा, बेस कंपनीचा.

इकडे अमेरिकेत बाइंडिंगच्या कंपन्या दरवर्षी एक यादी काढतात. ज्या मॉडेलांच्या मागे कंपनी अजून कायदेशीररीत्या उभी आहे, ती मॉडेलं त्या यादीत असतात. यादीतून नाव गेलं की दुकान त्या बाइंडिंगला स्क्रूड्रायव्हरही लावत नाही. गिऱ्हाईक चिडतं, "अहो, चांगली चालतेय की!" चालत असेलही, पण आम्ही हात लावत नाही. युरोपात पद्धत थोडी वेगळी असेल, तरी २०१३ म्हटल्यावर माझी भुवई वर गेली. बाइंडिंगवरचं पूर्ण नाव वाचता येईल असा फोटो विकणाऱ्याकडून मागवा आणि जिथून सेटिंग करून घेणार त्या दुकानाला जायच्या आधीच दाखवा.

दुसरी गोष्ट, बाइंडिंगवरच्या खिडकीत बूट किती जोराला सुटेल याचे आकडे असतात, उदा. ३ ते १०. त्याला डीन म्हणतात. तुमचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता यावरून दुकानदार तक्त्यात बघून काढतो. ५४ किलोच्या शिकाऊ माणसाचा आकडा लहानच येणार. बाइंडिंग ६ ते १४ वाली निघाली तर ती कितीही चकचकीत असली तरी तुमच्या कामाची नाही.

आता बेस. पांढुरके पट्टे म्हणजे बहुतेक वेळा वॅक्स न मिळाल्याने कोरडा पडलेला बेस. कडेलगत जास्त दिसतात, कारण तिथे घर्षण जास्त. गरम वॅक्स दिलं की बरेचसे जातात, पण मालकाने स्कीची निगा कशी ठेवली हे त्यावरून कळतं. ओरखड्यावरून नख फिरवा. नख नुसतं घसरलं तर सोडून द्या. अडकलं तर आत वाकून बघा. बेसच्या खाली वेगळ्या रंगाचा थर, फायबर किंवा लाकूड दिसलं तर तो कोअर शॉट. मधोमध असेल तर दुरुस्त होतो. पोलादी कडेला चिकटून असेल तर कटकट, कारण भरण्याचं प्लॅस्टिक पोलादाला नीट धरत नाही. थोड्या दिवसांत तुकडा निघून येतो आणि पाणी आत जायला मोकळं.

टोकाचा टवका विसरून जा. पार्किंगमध्ये दोन स्की एकमेकींवर आपटल्या की असे टवके उडतात. फक्त त्या जागी थर सुटलेत का ते बघा. टोक दोन बोटांत धरून दाबा, थर वेगळे हलले किंवा फटीतून पाण्याचा थेंब आला तर नमस्कार करून निघा.

हिशेबनीस

वेगळं मत मांडतो. जुनी स्की घेऊच नये. स्कीची किंमत, वर सेटिंग, वर वॅक्स आणि धार, वर ठेवायला तळघरात जागा. शिवाय तुम्ही अजून शिकताय, दोन वर्षांनी लांबी बदलावीशी वाटेल. पूर्ण हंगामासाठी भाड्याने घ्या. रांगही टळते आणि धार लावायची जबाबदारी दुकानाची.

चिनूक

हिशेबनीस, मोठ्यांच्या बाबतीत नाही पटलं. मुलांच्या बाबतीत शंभर टक्के पटलं. कॅलगरीत आम्ही मुलीसाठी दर ऑक्टोबरमध्ये हंगामाच्या भाड्याने घेतो, एप्रिलमध्ये परत. मुलं उन्हाळ्यात वाढतात त्याला इलाज नाही. पण माझी स्की सेकंडहँड आहे आणि मी ती बरीच वर्षं वापरतेय. पाय वाढायचं वय गेलं, वाढतंय ते वजन. त्याने डीन बदलतो, स्की तीच राहते.

हिशेबनीस

वजनाचा मुद्दा वैयक्तिक घेतला आहे.

इसारकाठ

निळीशाई, मीही म्युनिककर. एक प्रश्न आधी विचारतो, बाकीचं नंतर: नवे बूट ग्रिपवॉक तळाचे आहेत का? तळ रबरी, पुढे थोडा वर वळलेला, आणि कुठेतरी तसं नाव उठवलेलं असेल. हल्ली दुकानात मिळणारे बरेचसे बूट तसेच येतात.

हो असेल तर २०१३ ची बाइंडिंग जवळजवळ बाद. जुन्या बाइंडिंग सपाट, कडक प्लॅस्टिकच्या तळासाठी बनवलेल्या असतात (बुटावर आयएसओ ५३५५ लिहिलेलं असतं). ग्रिपवॉकचा आयएसओ वेगळा, २३२२३. तो तळ जुन्या बाइंडिंगमध्ये बसल्यासारखा वाटतो, "खट्" असा आवाजही येतो, पण पुढच्या बोटांखालच्या घसरपट्टीवर रबर अडतं. मग पिळवटून पडल्यावर बूट बाजूला सरकायला हवा तो सरकत नाही. ग्रिपवॉक चालणाऱ्या बाइंडिंगवर बहुधा तसं छापलेलं असतं.

काही बुटांचे तळ स्क्रू काढून बदलता येतात. तुमचे तसे असतील तर सपाट तळाची जोडी मागवता येईल. दुकानात विचारा.

इथली चांगली दुकानं सेटिंग झाल्यावर बाइंडिंग मशीनवर लावून किती जोराला सुटते ते मोजतात आणि छापील चिठ्ठी देतात. जुनी स्की घेतली तर ती चिठ्ठी मिळाल्याशिवाय लिफ्टवर चढू नका.

निळीशाई

इसारकाठ, आत्ता कपाटातून बूट काढून बघितले. ग्रिपवॉकच आहेत. दुकानदार तेव्हा "चालायला सोपे" एवढंच म्हणाला होता. टाचेजवळ २९५ मिमी असं कोरलंय, ते काय?

रात्रपाळी, बाइंडिंगचा फोटो मागवलाय. ३ ते १० आहे.

रात्रपाळी

३ ते १० चालेल. २९५ म्हणजे बुटाच्या तळाची लांबी. जाहिरातवाल्यांच्या बुटाची लांबी विचारा. बाइंडिंग रुळावर सरकणारी असेल तर बरीच पुढेमागे होते. थेट स्कीत स्क्रूने बसवलेली असेल तर थोडीच सरकते, फरक जास्त असला तर उपटून नवी भोकं पाडावी लागतात. आधी कुणी तसं केलंय का ते बघा, बाइंडिंगच्या पुढेमागे बुजवलेल्या भोकांचे गोल ठिपके दिसतात. एकदा बदललेली चालते. ठिपक्यांची रांगोळी दिसली तर नको.

आल्प्सआजी

सूनबाईने हा धागा दाखवला. बासेलला लेकाकडे येऊन-जाऊन असते आणि साठीनंतर स्की शिकले, तेव्हा माझं ज्ञान ताजं आहे.

मुलींनो, जुने बूट कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. प्लॅस्टिक वरून ठणठणीत दिसतं. आमच्या गटातल्या एका गृहस्थांचा माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवलेला बूट लिफ्टच्या रांगेत उभ्याउभ्या दुभंगला. हवेतल्या ओलाव्याने ते आतून सडतं म्हणे. आणि आतला मऊ भाग दुसऱ्याच्या पायाच्या आकाराचा झालेला असतो, तो आपल्याला का बसेल? हेल्मेटचंही तेच, एकदा आपटलेल्या हेल्मेटच्या आतल्या फोमला गेलेली चीर बाहेरून दिसत नाही. काठ्या मात्र खुशाल जुन्या घ्या. सरळ असल्या की झालं.

आणि कुणी दोन मीटर लांबीची, वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीची स्की "अँटिक, फार दर्जेदार" म्हणून देऊ केली तर भिंतीवर लावायला घ्या. कमरेत बारीक, टोकांना रुंद अशी आजची स्की नव्वदच्या दशकात आली. त्याआधीच्या स्कीवर वळायला मांड्या लोखंडाच्या लागतात.

गोटीसोडा

आजी, साष्टांग नमस्कार. साठीनंतर! मी चाळिशीत जिना चढताना लिफ्टची चौकशी करतो.

आल्प्सआजी

लिफ्ट आमच्याकडेही असते रे. उतरायचं तेवढं आपल्याला असतं.

उलटाबोर्ड

स्नोबोर्डबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून नवरोबांसाठी लिहितो.

स्नोबोर्डची बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही, सुटायला बनवलेलीच नसते. त्यामुळे डीन, यादी, मशीन, चिठ्ठी ही भानगड नाही. सेकंडहँड बोर्ड घेणं स्कीपेक्षा सोपं आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचं.

बोर्डच्या पोटात बाइंडिंग बसवायला धातूच्या आट्यांची भोकं असतात, त्यांना इन्सर्ट म्हणतात. जाताना ६ मिमीचा बोर्डाचा स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा. बाइंडिंग काढायला लावा (विकणारा कुरकुरला तर तीही माहितीच) आणि प्रत्येक भोकात स्क्रू हाताने फिरवून बघा. आटे गेलेलं एखादं भोक निघालं तर किंमत पाडा, जास्त निघाली तर बोर्ड सोडा. मग बोर्ड उलटा करून त्याच जागी तळहात फिरवा. लांब स्क्रू वापरला असेल तर बेसवर फुगवटा लागतो, अति आवळला असेल तर खळगा. सगळी भोकं न दिसता एक लांब खाच दिसली तर तो बर्टन कंपनीचा चॅनेल. त्याला कुठली बाइंडिंग आणि कुठली चकती लागते ते आधी विचारा.

दुसरं म्हणजे आडवी सुरकुती. बोर्ड खिडकीकडे धरा आणि वरच्या पृष्ठभागावर उजेड तिरका पडू द्या. दोन पायांच्या पुढे किंवा मागे, कडेपासून कडेपर्यंत केसासारखी रेघ दिसली तर बोर्ड कधीतरी जोरात वाकलाय आणि आत काहीतरी तुटलंय. असा बोर्ड पहिल्या मोठ्या उडीत तिथेच मोडतो. विकणारा म्हणेल "रंगाचा ओरखडा आहे." ओरखडा कुठल्याही दिशेला जाईल, ही रेघ बोर्डला काटकोनात असते.

स्नोपार्कमध्ये रेलिंगवरून घसरणाऱ्यांचे बोर्ड मी लांबूनच ओळखतो. पायांमधल्या कडेवर बारीक उभ्या चिरा असतात. स्वस्त मिळतात, पण शिकणाऱ्याने घेऊ नयेत.

नवरोबांच्या बुटाचा नंबर मोठा असेल तर बोर्डची मधली रुंदी बघायला विसरू नका. बोटं बाहेर आली की वळताना बर्फात रुततात आणि माणूस तोंडावर.

निळीशाई

नवऱ्याने हे वाचून खिशात स्क्रूड्रायव्हर घालून ठेवलाय. रविवारला अजून तीन दिवस आहेत.

पर्वतीपायथा

पुण्याहून विचारतोय. दोन वर्षांपूर्वी गुलमर्गला आयआयएसएमचा (तिथली स्की आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था) कोर्स केला, तिथे साहित्य संस्थेचंच होतं. आता अमेरिकेतला मावसभाऊ कायमचा परत येतोय आणि त्याची स्की बूट-बाइंडिंगसकट मला देतो म्हणतोय, फुकट. घेऊ का?

रात्रपाळी

पर्वतीपायथा, त्याचे बूट तुमच्या पायाला येणार नाहीत, हे आजींनी वर सांगितलंच आहे. तुमचे बूट घेतले की बाइंडिंग तुमच्या बुटाला, वजनाला नव्याने लावावी लागणार. पुण्यात ते कोण करणार? "सगळ्यांना एकाच नंबरवर चालतं" म्हणणाऱ्याच्या हातात गुडघा देऊ नका. मी असतो तर वर्षाकाठी एका आठवड्यासाठी ती जोडी विमानाने ओढत नेली नसती. नीट बसणारे बूट स्वतःचे घ्या, स्की तिकडे भाड्याने.

पर्वतीपायथा

पटलं. मावसभावाला भिंतीचा पर्याय सुचवतो.

पण मग भाड्याच्या स्कीलाही हेच तपासायचं ना? गुलमर्गच्या बाजारात भाड्याने घेताना दुकानदार ढिगातून दोन उचलून देतो.

इसारकाठ

हो, आणि ढिगातून उचलत असेल तर एक जास्तीची गोष्ट: दोन्ही स्की एकाच जोडीच्या आहेत का? बाजूच्या भिंतीवर किंवा वर कोरलेला अनुक्रमांक दोन्हींवर सारखा असतो. विकत घेतानाही हे बघाच. क्रमांक वेगवेगळे असले किंवा घासून काढलेले असले तर चोरीचा माल असू शकतो. डोंगरावरच्या हॉटेलाबाहेर स्की सर्रास चोरीला जातात. म्हणून जाणती माणसं जेवायला जाताना एक स्की या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला दुसऱ्याच्या स्कीशेजारी लावून जातात.

गोटीसोडा

सिद्धिविनायकाबाहेर चपला ठेवायची आमच्या आईची पद्धत अगदी हीच. एक चप्पल या स्टॉलवर, दुसरी त्या.

चिनूक

लोल. जागतिक ज्ञान.

तिसराचहा

कडांबद्दल थोडं. रात्रपाळींनी बेस सांगितला, पण माझ्या मते स्कीचं उरलेलं आयुष्य कडेत दिसतं. नवी असताना पोलादी कड साधारण २ मिमी असते. दर वेळी मशीनवर धार लावली की थोडी झिजते. १ मिमीच्या खाली गेली की दगडाचा एखादा फटका बसला तरी उखडते. जाडी पायाखालच्या भागात बघा, टोकाला नाही, कारण टोकाची कड फारशी झिजत नाही आणि फोटो नेहमी टोकाचाच टाकतात.

मी एका भाड्याच्या दुकानातून हंगामाच्या शेवटी एक जोडी घेतली होती. बेस आरशासारखा, वॅक्सचा वास येत होता. घरी मोजलं तर पायाखाली कड नावालाच उरलेली. आरसा होता तो मशीनने पुन्हा पुन्हा खरवडल्यामुळेच. तेव्हापासून चकाकत्या बेसला मी आधी संशयाने बघते.

कडेवरून बोट फिरवू नका, कापतं. जुना नायलॉनचा मोजा हातात घेऊन हलकेच ओढा. जिथे अडकेल तिथे खरवड आहे. एकदोन जागी अडकला तर हिऱ्याच्या घासणीने निघते. दगडावर आपटलेल्या जागी पोलाद इतकं कडक होतं की साधी कानस नुसती घसरते. गंजाचंही तसंच. वरवरचा तपकिरी गंज रबरी ठोकळ्याने पाच मिनिटांत जातो, पण खड्डे पडलेला, काळा गंज असेल तर ती स्की कुठल्यातरी ओल्या तळघरात उन्हाळे काढून आलीये. तिचे थरही बघून घ्या.

रात्रपाळी

तिसराचहा, सहमत. भाड्याच्या जोड्या सरसकट वाईट नसतात, पण वर्षभरात त्या मशीनखालून कितीदा जातात हे दुकानाबाहेर कुणाला कळत नाही. जाडी मोजूनच घ्याव्यात.

सरळरेघ

आणि कॅम्बर, म्हणजे स्कीचा मधला बाक? दोन स्की तळाला तळ लावून उभ्या धरायच्या. मधे फट दिसली की जीव आहे, फट नसेल तर मेलेली. आम्हाला हेच शिकवलंय.

रात्रपाळी

अर्धं खरं. बऱ्याच आधुनिक स्की टोकांना मुद्दाम वर उचललेल्या असतात, काही तर जवळजवळ सपाटच बनवतात. त्या मॉडेलची मूळ फट किती हे माहीत नसताना एका जोडीकडे बघून ती मेली म्हणणं धाडसाचं आहे. मी फक्त एवढं बघतो: दोन्ही स्कीची फट सारखी आहे ना? मधे हाताने दाबल्यावर दोन्ही सारख्याच जोराने मिटतात ना? एक मऊ, एक कडक निघाली किंवा एक पिळवटलेली दिसली तर घरी जा.

सरळरेघ

पण वापराने स्की मऊ पडते हे तरी मान्य कराल?

रात्रपाळी

पडते. पण निळ्या उतारावर जाणाऱ्या ५४ किलोच्या बाईंना ते कळायच्या आत बाइंडिंग म्हातारी होईल.

सरळरेघ

हे मान्य.

निळीशाई

वृत्तांत देते. रविवारी गेलो. विकणारे एक निवृत्त आजोबा, गॅरेज आमच्या हॉलपेक्षा स्वच्छ. आधी कॉफी, मग स्की. मी मोजा काढल्यावर त्यांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" म्हटलं, भारतातल्या आणि जगभरच्या लोकांनी.

कड पायाखाली जाड, मोजा एकाच जागी अडकला. ओरखड्यात नख अडकलं नाही. क्रमांक दोन्हींवर सारखे. दोन्हींची फट सारखी. टोक दाबलं, काही हललं नाही. म्हणजे "फारशी वापरलेली नाही" हे या वेळी खरं होतं!

पण बाइंडिंगवर ग्रिपवॉक कुठेच नव्हतं. तिथूनच दुकानाला फोन केला. ते म्हणाले, या बुटाला ही लावणार नाही. बाइंडिंग बदलावी म्हटलं तर या स्कीवर कंपनीचाच रूळ आहे, त्यावर त्याच घराण्यातली बाइंडिंग बसते आणि नवी जोडी स्कीपेक्षा महाग. माझ्या बुटाचे तळ बदलता येत नाहीत. आजोबांनी स्वतःहून ८० युरो म्हटलं तेव्हा मन फार द्रवलं, पण नाही घेतली.

स्नोबोर्डपैकी एकाला अगदी तीच आडवी रेघ. नवऱ्याने उलटाबोर्ड यांचं वाक्य ऐकवलं, विकणारा मुलगा खरंच "रंगाचा ओरखडा" म्हणाला! दुसरा घेतला. सगळी भोकं ठीक, बेस कोरडा, बाइंडिंगचा एक पट्टा झिजलेला. त्यापोटी २० युरो कमी केले.

उलटाबोर्ड

पट्टे आणि दातेरी पट्ट्या सुट्या मिळतात, त्याची चिंता नको. वॅक्स मात्र पहिल्याच दिवसाआधी द्या.

सरळरेघ

८० युरोत इतकी चांगली स्की सोडली? ग्रिपवॉकचं फार स्तोम आहे हो. आमच्या ग्रुपमध्ये सगळे असेच वापरतात, काही होत नाही.

इसारकाठ

सरळरेघ, काही होत नाही म्हणजे अजून कुणी तसं पडलेलं नाही. ८० युरो वाचवून अस्थितज्ज्ञाकडे जायचं का?

हिशेबनीस

हा हिशेब माझा होता, चोरू नका.

निळीशाई, नोव्हेंबरमध्ये गावोगावच्या क्रीडा मंडळांचे स्कीबाजार लागतात ना तुमच्याकडे? तिथे बघा. (हो, भाड्याचं मत तात्पुरतं मागे घेतोय. तात्पुरतं.)

इसारकाठ

+१. तिथे मंडळाचे अनुभवी लोक हजर असतात, विचारता येतं. दार उघडायच्या आधी पोहोचा, चांगल्या लांबीच्या लेडीज जोड्या पहिल्या अर्ध्या तासात उडतात. आणि एकच शोधा: बाइंडिंगवर ग्रिपवॉकचं नाव. ते दिसलं की मग बाकीचं तपासायला वाका. जुनी टेस्ट स्की (दुकानात गिऱ्हाइकांना चालवून बघायला ठेवलेली) मिळाली तर उत्तम. तिची बाइंडिंग थोडी जड असते, पण कुठल्याही लांबीच्या बुटाला सरकवता येते.

चिनूक

मुलांचं घेणाऱ्यांसाठी एक पुरवणी: लहान मुलांच्या बुटाचा तळ मोठ्यांपेक्षा वेगळ्या मापाचा असतो, सी प्रकारचा. मोठ्यांचा तो ए. "भावाची जुनी स्की आखूड आहे, धाकट्याला चालेल" असं करताना बाइंडिंग दोन्ही प्रकार घेते का ते विचारा. काही घेतात, सगळ्या नाही.

निळीशाई

घेतली! शेजारच्या गावच्या बाजारात, सकाळी थंडीत दाराबाहेर उभं राहून. (रांग काही चुकत नाही.) १५४ सेंमी, टेस्ट बाइंडिंग, वर ठळक ग्रिपवॉक, १६० युरो. कड पायाखाली जरा बारीक आहे, दीड मिमी असेल. वरच्या बाजूला मांजरीने नखं मारल्यासारखे ओरखडे. दुकानात २९५ ला लावून, मशीनवर मोजून चिठ्ठीही मिळाली.

धार त्यांनी हाताने लावली. मशीनवर नको म्हटलं, तर माणसाने माझ्याकडे आदराने बघितलं.

तिसराचहा

अभिनंदन! दीड मिमी पुष्कळ झाली. दर वेळी घरी आल्यावर कडा फडक्याने पुसून ठेवा, कव्हरमध्ये ओली कोंबू नका.

पर्वतीपायथा

अवांतर: मावसभाऊ म्हणतो भिंतीवर लावायला तरी ने, नाहीतर त्याची बायको टाकून देईल. आमच्या भिंतीवर आधीच सासऱ्यांचा तंबोरा आहे.

गोटीसोडा

पर्वतीपायथा, माझ्याकडे भिंत आहे. ठाण्याला पाठवा.